मुठीतला हेवा

"उकळलं! उकळलं!"

महामहम तळ्याजवळच्या एसी कल्याण मंडपात, म्हणजे लग्नाच्या हॉलात, पाय ठेवायला जागा नव्हती. मे महिन्याचं ऊन, त्यामुळे अर्धी गर्दी स्वामींसाठी आणि अर्धी गारव्यासाठी आली असावी असा माझा संशय होता. व्यासपीठावर पापनाशमकडची एक बाई उजवी मूठ उघडून उभी होती. तिच्या तळहातावर बोटाएवढी काचेची कुपी होती आणि कुपीतलं पाण्यासारखं तीर्थ बुडबुडे काढत खदखदत होतं. ना चूल, ना निखारा. बाई रडत होती, लोक हात जोडत होते.

अनसूय सामी आसनावरून बोलत होते. "डॉक्टर तुमचं रक्त तपासतात, साखर तपासतात. पोरामै कोण तपासतं? सांगा! स्कॅनमध्ये दिसते? एक्स-रेमध्ये येते?" पोरामै म्हणजे हेवा. "हे तीर्थ तपासतं! मन निर्मळ असेल तर ते मुठीत नाचतं. मनात पोरामै असेल तर मेल्यासारखं पडून राहतं. हेवा लपवाल नवऱ्यापासून, सासूपासून. तीर्थापासून कसा लपवाल?"

आधी सांगून टाकते की मला या माणसाचा हेवा वाटला. मी कुंभकोणमच्या एका मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात मागचे बाक जांभया देतात. या गृहस्थानं एका थेंबभर द्रवावर आठशे माणसं श्वास रोखून बसवली होती. त्यातून त्याच्या मंडपात कापूर नाही, उदबत्ती नाही, साधी समईसुद्धा पेटवलेली नाही. "ज्योत माझ्या अंतरात आहे," असं तो म्हणे, आणि देवापुढे कापूर लावल्याशिवाय ज्यांना पाणी जात नाही ती आमच्या गावची माणसं माना डोलावत.

पण आम्ही तिथे गेलो होतो नंदितासाठी. आमचं घराणं मराठे राजांबरोबर तंजावरकडे आलं ते इथलंच झालं. घरात आम्ही आमची जुनी मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. घरात सासूबाई भागीरथीअम्मा, आम्ही दोघी सुना आणि आमचे नवरे. मी, वेदवती, थोरली. मला मूल नाही. नंदिता धाकटी. तिला चौथा महिना होता आणि मध्येच रक्ताचे डाग दिसू लागले होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पडून राहायला सांगितलं. अम्मांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीचं तूप आणलं, दृष्ट काढली, तरी त्यांच्या मनातला प्रश्न जाईना. दृष्ट लागली ती कोणाची? घरात बिनमुलाची बाई एकच.

आता खरं ते सांगते. हेवा होता. नंदिताला कैरी खावीशी वाटली की माझे दात आंबत. ती पोटावर हात ठेवून खिडकीत बसली की मी स्वयंपाकघरात भांडी आपटत असे. तिच्या केसांत अम्मा रोज मोगरा माळत, मला तो वास सहन होत नसे. लग्नाआधी ती माझीच विद्यार्थिनी होती, दोनदा नापास होता होता वाचलेली. आणि हिला हे इतकं सहज मिळावं!

दारातल्या खिडकीशी आमची नावं नोंदवताना अम्मा बराच वेळ बोलत होत्या. व्यासपीठावर सामींची मदतनीस अलमेलू दोन कप्प्यांच्या बर्फाच्या पेटीतून एकेक कुपी काढून देत होती. नंदिताच्या मुठीत तीर्थ नाचलं. अम्मांच्या मुठीत नाचलं. माझ्या मुठीत ढिम्म. मी मूठ आवळली, तळहात घामेजला, एक बुडबुडा येईना. मागून "अय्यो!" असा सूर उठला. माझा नवरा हयग्रीव खाली पाहत राहिला.

"अम्मा," सामी मधाळ आवाजात सासूबाईंना म्हणाले, "चोर घरातच आहे. प्रसूती होईपर्यंत हिला माहेरी ठेवा. आणि त्या गोळ्या कावेरीत टाका. रोग सुनेच्या पोटात नाही, हिच्या डोळ्यांत आहे."

"दोन कुप्यांत दोन वेगळे द्रव आहेत," मी जोरानं म्हणाले.

तेव्हा पहिल्या रांगेतले कृष्णमूर्ति उठले. निवृत्त इंजिनियर, सरळ माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. "मॅडम, मलाही तोच संशय होता. मागच्या सभेतली एक नाचलेली, एक न नाचलेली, अशा दोन्ही कुप्या मी मागून घेतल्या आणि चेन्नईला तपासून आणल्या. दोन्हीत पाच कार्बन, दहा हायड्रोजन. दुसरं काही नाही. रेणूचं वजनही तेच. तुम्ही केमिस्ट्री शिकवता ना? घटक तेच म्हणजे द्रव तोच. फरक माणसात आहे."

टाळ्या पडल्या. सामींनी डोळे मिटून त्या घेतल्या. मी खाली उतरले तेव्हा बायका पदर आवरून बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे आमची ठिपक्यांची रांगोळी, घालत होते. भाऊ आडुतुरैला असतो, तो दुपारी न्यायला येणार होता. नंदिता आतून भिंतीला धरत आली.

"अक्का, काल पुनः डाग पडला," ती हळूच म्हणाली.

"गोळ्या घेतल्यास?"

"नाहीं. अम्मा नक्को म्हणाल्या."

"घे गो. आत्तांच घे. कोणास सांगूं नको."

ती म्हणाली, "अक्का, रागावूं नका. तुम्ही घे म्हणतां म्हणूनच भय वाटतें मला."

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तिचं चूक नव्हतं. हेवा करणारी बाई गोळी घे म्हणते, तेव्हा कोणती पोटुशी ती गोळी घेईल? मी आता कितीही खरं बोलले तरी त्या कुपीनं माझं बोलणं विष ठरवलं होतं. नंदिताला गोळी द्यायची तर आधी कुपीचं तोंड बंद करायला हवं होतं.

ती आत गेली. मी खाली पाहिलं तर माझ्यासमोर पाच ठिपके होते. रोज मांडते तेच. आज रेघ सरळ ओढावी की एक ठिपका बाजूला काढून वळवावी, एवढंच ठरवायचं होतं. पाच ठिपके, दोन कोलम! मला स्वतःचाच राग आला. पाच कार्बन, दहा हायड्रोजन असं कृष्णमूर्तींनी माझ्या तोंडावर सांगितलं, आणि दरवर्षी जो धडा मी शिकवते तो मला अपमानाच्या भरात आठवला नाही. कुपी धरलेल्या हाताला पेट्रोलसारखा वास येत होता, तोही मी धुऊन टाकला होता.

भावाला फोन केला, "आज येऊं नको." मग अम्मांसमोर जाऊन उभी राहिले. "मी सामींची क्षमा मागतें. पुनः एक वेळ परीक्षा होऊं द्या. अस्कीं जणें चला, घरांतलीं सगळीं." अम्मांना वाटलं, सून वठणीवर आली. नंदिताला मात्र मी रिक्षातून हळू नेलं आणि मंडपात अगदी मागे, दाराच्या वाऱ्याला बसवलं.

सामी खूश झाले. पश्चात्ताप झालेली प्राध्यापिका भर सभेत मिळणं म्हणजे चालून आलेली जाहिरातच. अलमेलूनं पेटीच्या डाव्या कप्प्यातून कुपी काढली. मी मूठ मिटली, उघडली. ढिम्म.

"पाहिलंत?" सामी म्हणाले. "पोरामै अजून आहे!"

"थोडी कॉफी मिळेल का?" मी विचारलं.

लोक हसले. मंडपाच्या स्वयंपाकघरातून पितळी दबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, कॉफी आली. पिण्याजोगी, फार कढत नाही. मी पर्समधून प्रयोगशाळेतला थर्मामीटर काढला, दबऱ्यात धरला आणि पारा पन्नास अंशांवर थांबला तशी शेजारी ती मेलेली कुपी बुडवली. क्षणभर काही झालं नाही. मग तळातून एक बुडबुडा सुटला, दुसरा सुटला आणि कुपी खदखदू लागली. मी ती उंच धरली.

"सामी, कॉफीचं मन निर्मळ आहे."

"कुंभकोणमची कॉफी आहे, शुद्धच असणार!" मागून कोणीतरी ओरडलं.

सामींचा मधाळपणा ओसरला. "हा काय पोरखेळ? गरम केलं की काहीही उकळतं!"

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "मला एवढंच तुमच्या तोंडून हवं होतं."

अलमेलू पेटीचं झाकण लावायच्या आत मी उजव्या कप्प्यातली कुपी उचलली आणि मुठीत धरली. मूठ उघडली तेव्हा तीर्थ नाचत होतं. "हात तोच. मन तेच. हेवाही तोच. फक्त कप्पा बदलला. कृष्णमूर्ति सर, वर येता? डावीकडची एक तुम्ही धरा."

ते आले. त्यांनी कुपी धरली आणि मूठ इतकी आवळली की बोटं पांढरी पडली. कुपी ढिम्म. एवढा मोठा माणूस, पण चेहरा रडवेला झाला. "मॅडम, मी कोणाचा हेवा करत नाही. खरंच नाही."

"माहीत आहे, सर. त्या कुपीतला द्रव अडतीस अंशांच्या वर उकळतो. माणसाच्या मुठीत तेवढी ऊब नसते, तो संत असला तरी. उजव्या कप्प्यातला तीस अंशांवरच उकळतो. तो कोणाही जिवंत माणसाच्या मुठीत नाचेल. म्हणून एसी लागतो, म्हणून बर्फ लागतो. बाहेर ओट्यावर ठेवलात तर तो उन्हानंच उकळेल."

"पण पाच कार्बन, दहा हायड्रोजन! मी स्वतः तपासून आणलं!"

"तपासणी खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला." मी खडू घेऊन व्यासपीठावर बसले आणि पाच ठिपके काढले. "बायकांनो, हे तुम्हाला माझ्या विद्यार्थिनींपेक्षा लवकर कळेल. पाच ठिपके एका ओळीत जोडले, टोकाशी दुहेरी रेघ ओढली. हा एक कोलम. आता पुन्हा पाच ठिपके. चार ओळीत, पाचवा दुसऱ्या ठिपक्याला फांदीसारखा, आणि दुहेरी रेघ मध्ये. हा दुसरा. ठिपके मोजलेत तर दोन्हीकडे पाचच. कोलम एकच आहे का?"

"कसा असेल?" पापनाशमची ती बाईच म्हणाली.

"ठिपके म्हणजे कार्बन. हायड्रोजन दोन्हीकडे दहाच बसतात. पण जोडणी बदलली की रेणू एकमेकांना किती धरून ठेवतात ते बदलतं, म्हणून उकळायचा बिंदूही बदलतो. यांना आयसोमर म्हणतात. घटक तेच असले तरी पदार्थ वेगळा. आणि कोणाला कुठल्या कप्प्यातली द्यायची, हे नाव नोंदवताना आपणच सांगतो. दारातल्या खिडकीशी आपण घरातलं सगळं गाऱ्हाणं ओततो की नाही?"

अम्मांनी मान खाली घातली. त्यांनीच ओतलं होतं.

"शास्त्राचा गर्व!" सामी उभे राहिले. "देवाच्या तीर्थाला..."

"तीर्थ आहे ना? मग कापूर लावून त्याची आरती करूया," मी म्हणाले.

मी हे नुसतं बोलले होते. पण पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं खरंच कनवटीची काडेपेटी काढली. आणि अनसूय सामी, ज्यांची ज्योत अंतरात होती, ते आसनावरून उडी मारून किंचाळले, "काडी ओढू नका! पेटेल! सगळं पेटेल!"

मी म्हातारीच्या हातावर हात ठेवला.

"आजी, ऐकलंत?" मी म्हणाले. "ते खरं बोलले. हे पेट्रोलच्या जातीचं आहे. समई का नव्हती, ते आता कळलं ना?"

मग जो गोंधळ झाला तो मी लिहीत नाही. लोकांनी पेटी अडवून धरली आणि पोलीस येईपर्यंत सामींना हलू दिलं नाही. कोणीतरी सांगितलं की पूर्वाश्रमी ते रसायनांचे विक्रेते होते. असतील. माल तरी चांगला ओळखत होते. कृष्णमूर्ति खडूच्या त्या दोन आकृत्यांसमोर बसून होते आणि पुन्हा पुन्हा ठिपके मोजत होते.

अम्मा माझ्याजवळ आल्या. आमच्या भाषेत, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझ्या मनांत पोरामै नाहीं?"

नाही म्हणायला किती सोपं होतं! सगळा मंडप माझ्या बाजूचा होता. नंदिता दारातून उठून आली होती आणि माझ्याकडे पाहत होती.

"आहे," मी म्हणाले. "पुष्कळ आहे. हिचें पोट पाहिलें कीं माझ्या पोटांत आग होते. तें कुपीस कळलें नाहीं, अम्मा. मी सांगितलें म्हणून तुम्हांस कळलें."

हयग्रीवनं पहिल्यांदाच मान वर केली. नंदिताचे डोळे भरले.

"पण हेव्यानें गर्भ पडत नाहीं," मी म्हणाले. "औषध टाकलें तर पडूं शकतो. मला घराबाहेर काढायचें तर काढा. हिला आधीं डॉक्टरीणबाईंकडे न्या."

नंदितानं अम्मांकडे पाहिलंच नाही. "अक्का, चला," म्हणाली आणि माझा दंड धरला. आम्ही मंडपातून थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना फैलावर घेतलं, तपासलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

आपल्या सगळ्यांच्या मनात काही ना काही काळं असतंच, आणि म्हणूनच असले सामी चालतात. त्यांनी नेम धरून दगड मारायची गरज नसते, कोणाला तरी तो लागतोच. म्हणून एवढंच मागणं आहे. कोणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर ते खरं की खोटं हे पाहत बसू नका. त्यानं ते कशावरून ओळखलं, हे विचारा. दुसरी कुपी मागा, हात बदला, कप्पा बदला, आणि ज्याच्यासाठी डॉक्टर आहेत त्याच्यासाठी डॉक्टरांकडेच जा.

नंदिताला आता सातवा लागला आहे. मला तिचा हेवा अजूनही वाटतो, आणि बाळ छान वाढतं आहे.