चहापुरता फुगलेला तराफा

मी एक जुना जीवरक्षक तराफा आहे. एका सकाळी भर समुद्रात मला पाण्यात फेकण्यात आले, मी फुगलो, दोन माणसे माझ्यात येऊन बसली, आणि जी बोट बुडते आहे म्हणून ती बसली होती, ती बोट काही बुडाली नाही. मित्रांनो, असे काहीही घडलेले नाही. आमच्या कप्तानाने तसे ठरवले आहे आणि बोटीवर शब्द त्याचाच चालतो. तेव्हा तुम्ही वरचे काही वाचलेच नाही असे समजा. मी पुन्हा सुरुवात करतो.

मी एक जुना तराफा आहे. माझा जन्म रबराचा उग्र वास असलेल्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे सांधे चिकटवले, डोक्यावर नारिंगी छत बसवले आणि माझ्या पोटात संकटकाळचा संसार भरला. दगडासारखी बिस्किटे, पाण्याच्या पुड्या, शिट्टी, मासे पकडायचा गळ आणि एक सुरी. सुरीचे टोक मुद्दाम बोथट ठेवलेले असते, कारण घाबरलेला माणूस पहिल्यांदा मलाच भोसकतो. माणसांविषयी माझ्या निर्मात्यांचे मत काय होते ते यावरून कळेल. माझे मत त्याहून वाईट आहे, पण मला त्यांच्यापेक्षा जास्त अनुभव आहे.

मग गॅसच्या सिलिंडरसह माझी घडी घालून मला एका पांढऱ्या डब्यात बंद केले गेले. डब्यातून एक दोरी बाहेर येते. ती बोटीला बांधायची, डबा पाण्यात टाकायचा, दोरीला हिसका द्यायचा. सिलिंडर फुटल्यासारखा आवाज करतो आणि मी फुगतो. एकदाच. हे शिकायला फार अक्कल लागत नाही, म्हणूनच मला शिडाच्या छोट्या बोटींवर पाठवतात.

माझ्या बोटीचा मालक दातांचा डॉक्टर होता. बोट घेतल्यावर तो स्वतःला कप्तान म्हणवू लागला. महासागर पार करण्याच्या गोष्टी तो बोट घेण्याआधीपासून सांगायचा, त्याही खुर्चीत आडव्या झालेल्या रुग्णांना. तोंडात यंत्र असलेला माणूस 'अहो, पुरे' असे म्हणू शकत नाही. त्यामुळे आपल्या गोष्टी लोकांना फार आवडतात असा त्याचा समज झाला. अशा समजांवर माणसे समुद्रात उतरतात.

त्याच्या दवाखान्यात त्याची बायको मदतनीस होती. आपण तिला काकू म्हणू. वर्षानुवर्षे त्यांनी त्याच्या हातात अवजारे दिली आणि हातातून परत घेतली. दवाखाना बंद झाला तेव्हा काकूंना वाटले, आता निवांत बसता येईल. त्याऐवजी त्यांना जमीन हलते अशा घरात स्वयंपाक करावा लागला. काकूंची आई घरी एकटी कशी राहणार म्हणून त्याही बोटीवर आल्या. त्या सासूबाई. जावयाला त्या कायम 'जावईबापू' म्हणत. एवढ्या आदरात इतकी तुच्छता कशी मावते हे मी त्यांच्याकडून शिकलो.

माझ्या सेवेची पहिली वर्षे अशी गेली. माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले. माझ्यावर कांदे चिरले. प्रत्येक बंदरात इतर बोटींवरची मंडळी चहाला यायची, माझ्यावर बसायची आणि एकमेकांना वादळे सांगायची. त्यांची वादळे दर कपागणिक वाढत. कप्तान माझ्या डब्यावर थाप मारून म्हणायचा, "हा आहे ना, मग चिंता कसली?" एवढीच माझी स्तुती. लोक बैलाच्या पाठीवरही अशीच थाप मारतात, पण बैलावर बसून बिस्किटे खात नाहीत.

आणि मित्रांनो, एक दिवस आम्ही खरोखरच महासागरात निघालो. कप्तानाने फरशीच्या फळ्यांखाली डबाबंद जेवण रचून ठेवले. डब्यांवरची कागदी लेबले काढून टाकायची आणि डब्यांवर रंगाने लिहायचे, ही गोष्ट समुद्रावर फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. लेबल भिजले की सुटते आणि पंपात जाऊन बसते. कप्तानालाही ठाऊक होती. त्याने ती इतरांना सांगितली होती.

त्या सकाळी, म्हणजे जी सकाळ उजाडलीच नाही तिच्यात, बोट एका लाटेवरून धाडकन खाली आपटली. थोड्या वेळाने कप्तान केबिनमध्ये उतरला आणि त्याचे मोजे भिजले. फळ्यांवर पाणी आले होते. त्याने पंप सुरू केला. पंपाने लगेच टोमॅटोचे एक लेबल गिळले आणि तो बंद पडला.

"घाबरायचं काही कारण नाही," कप्तान म्हणाला.

दाढ उपटण्याआधी तो ज्या आवाजात बोलायचा तोच हा आवाज होता. काकूंनी तो हजारदा ऐकला होता. त्या लगेच घाबरल्या.

"तळ फुटलाय. तराफा टाकायचा. चला," तो म्हणाला.

"एकदा बघून तरी घ्या कुठं फुटलाय ते."

"बघत बसायची वेळ आहे का ही?"

मला फेकले. मी फुगलो. इतकी वर्षे घडी होऊन पडल्यावर हातपाय ताणायचे सुख मी तुम्हाला काय सांगू. माझे नारिंगी छत उभे राहिले, आतला दिवा लागला. माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा क्षण होता तो, आणि तेवढ्यात कप्तानाचा ओला मोजा माझ्या तोंडावर पडला.

आधी काकू उतरल्या. मग कप्तान. कप्तानाने शेवटी उतरायचे असते, आणि हेही त्याला ठाऊक होते.

"आई अजून वर आहे," काकू म्हणाल्या.

"खालून धरायला कोणीतरी हवं ना?"

सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी बोटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"जावईबापू, बुडतेय ती ही बोटच ना?"

"हो, आई. लवकर या."

"मग मी वर कशी आणि तुम्ही खाली कसे?"

"आई, प्लीज."

"माझे गुडघे त्या फुग्यात उतरणार नाहीत. तुम्ही बसा. बुडायला लागली की मला हाक मारा."

फुगा. मला आयुष्यात बरेच काही म्हटले गेले आहे, पण हे लागले. तरी सांगतो, त्या दिवशी त्या पाण्यावर एकच शहाणे माणूस होते आणि ते मला फुगा म्हणत होते.

आता दोरीकडे लक्ष द्या. माझी दोरी मुद्दाम कच्ची केलेली असते, म्हणजे बुडणारी बोट मला सोबत ओढून नेणार नाही. बुडणारी बोट असेल तर हे उत्तमच. पण आमची बोट बुडत नव्हती, ती नुसती उड्या मारत होती, आणि प्रत्येक लाटेला दोरीला हिसका बसत होता. ती तुटली असती तर बोटीला वारा एकीकडे नेणार आणि मला दुसरीकडे. माझ्यात दोन माणसे आणि चावता न येणारी बिस्किटे. बोटीवर एक सासूबाई, ज्यांना शीड कुठल्या बाजूने ओढतात तेही ठाऊक नव्हते. बोटीवरचे आणि माझ्यातले एकमेकांना पुन्हा दिसले नसते.

अशा वेळी माणसाने दोरी जपावी. कप्तानाने माझ्या खिशातली सुरी काढली.

"हे काय करताय?" काकूंनी विचारले.

"बोट खाली जायच्या आधी दोरी कापायची असते. नियम आहे."

"आई वर आहे."

"मी फक्त तयारीत आहे."

"ती सुरी ठेवा."

"तू मला शिकवू नकोस. मी कप्तान आहे."

पुढची लाट आली, दोरी ताठ झाली, माझ्या कडेचा चिकटवलेला सांधा करकरला. कप्तानाने सुरीचे पाते दोरीवर टेकवले. काकूंनी फक्त आपला तळवा त्याच्या कोपरापाशी धरला, जसा त्या दवाखान्यात धरायच्या. आणि कप्तानाने, दोरीवरची नजर न काढता, अवजार त्यांच्या हातात ठेवले.

काकूंनी ते समुद्रात टाकले.

कप्तान रिकाम्या बोटांकडे बघत राहिला. "माझी सुरी," तो म्हणाला. खरे तर ती माझी होती, पण त्या वेळी मी वाद घातला नाही.

वर सासूबाईंचे डोके दुखायला लागले होते. त्या चहा करायला खाली गेल्या. इकडे माझ्यात दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले होते. एवढ्याशा गोल तराफ्यात हे सोपे नसते, पण जुनी जोडपी जमवतात. कप्तान दर थोड्या वेळाने छताबाहेर डोके काढून बघायचा, बोट कितपत बुडाली ते. बोट जशीच्या तशी. त्याच्या चेहऱ्यावर मला निराशा दिसली. बोट वाचतेय याचे इतके वाईट वाटलेला मालक मी दुसरा पाहिला नाही.

मग वरून पिशवीत बांधलेला थर्मास खाली आला.

"जावईबापू, साखर बेताचीच घातलीय."

काकूंनी ओतला. कप्तानाने घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"याला डिझेलचा वास येतोय."

"येत असेल," वरून उत्तर आले. "नळ नुसता खोकतोय. म्हणून खालचं घेतलं."

"खालचं म्हणजे?"

"पायाखालचं. एवढं साठलंय, वाया कशाला घालवायचं?"

काकूंनी पुन्हा एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे खारट नाहीये."

"साखर आहे ना त्यात."

"समुद्राला साखर घालून बघा एकदा."

कप्तानाच्या डोक्यात काय चालले होते ते त्याच्या कानांवर दिसत होते, ते लाल झाले. बोट आपटली तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या टाकीची नळी निसटली होती. टाकी फळ्यांखाली रिकामी झाली होती. महासागराचा एक थेंबही आत आला नव्हता. साठलेल्या पाण्यात हाताचे बोट बुडवून ते चाखायचे, हे कोणीही सांगेल. त्यानेही कोणाला तरी सांगितलेच असणार.

"आई, शिडी सोड गं," काकू म्हणाल्या.

दोरी टिकली. तिच्यातला एकच पेड उरला होता. माझी कोणी स्तुती केली नाही म्हणून मीच सांगतो, तो पेड माझा होता.

नंतर तिघांनी बादल्यांनी पाणी उपसले. दुपारी जेवायला एक डबा उघडला. लेबल सुटून गेल्याने आत काय ते कळत नव्हते, अननस निघाला. दुसऱ्यातही अननस निघाला. अननसावर अननस खाताना कप्तान म्हणाला, "हे बघा, तसं काही घडलेलं नाही. थोडी दुरुस्ती करावी लागली, एवढंच."

"घडलं नाही तर नाही," सासूबाई म्हणाल्या. "चहा मात्र मी पुन्हा करणार नाही."

मला त्याने चादरीसारखे घडी घालून डब्यात कोंबले आणि झाकण बसेना म्हणून वर स्वतः बसला. पलीकडच्या बंदरात काकूंनी आठवण केली. "तराफा तपासून आणा. सिलिंडर रिकामा असेल."

"तिथे विचारतील."

"काय विचारतील?"

"का उघडला ते."

"सांगा की, चहा प्यायला," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कप्तान मला ढकलगाडीवर घालून निघाला. तपासणी केंद्र गोदीच्या टोकाला होते. फरशीवर एक माणूस तराफे उघडून, फुगवून, सांधे बघत होता. कप्तान दारापर्यंत गेला, आत दुसऱ्या दोन बोटींचे मालक उभे होते, ओळखीचे. त्याने त्यांना हात केला आणि गाडी वळवली. मग न्हाव्याच्या दुकानासमोर मला उन्हात ठेवून त्याने केस कापून घेतले. येताना ओल्या फडक्याने माझा डबा पुसला. चकाचक.

"झालं?" काकूंनी विचारले.

"झालं. नवीनच आहे आता."

काकूंनी माझ्या डब्यावर थाप मारली. त्या रात्रीपासून त्या शांत झोपू लागल्या, आणि कप्तानावर मी याआधी जो काही तुच्छतेचा साठा खर्च केला तो उगाच वाया घालवला असे मला वाटले. खरी गरज तर आता पडली.

आम्ही पुढच्या, मोठ्या महासागरात निघालो आहोत. माझ्यावर कांदे चिरणे चालू आहे. माझ्या पोटात रिकामा सिलिंडर आहे, हे फक्त कप्तानाला आणि मला माहीत आहे. त्याला सांगायचे नाही आणि मला बोलता येत नाही. मित्रांनो, आपल्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगणार होतो. पण तुम्हीही मोठे होऊन बोट घेणार आणि लोकांच्या तोंडात यंत्र घालून गोष्टी सांगणार. त्यामुळे मी अर्ज दुसरीकडे करतो.

प्रति, सदर महासागराचे संबंधित अधिकारी. महोदय, अर्जदार फुगण्याच्या स्थितीत नाही याची कृपया नोंद घ्यावी. तरी वादळे, खडक आणि झोपलेले देवमासे यांना पुढील आदेश होईपर्यंत वरील बोटीपासून योग्य अंतर राखण्याच्या सूचना देण्यात याव्यात. बोटीवरील दोन महिला गाढ झोपेत असतात, सबब त्यांना उठवण्यात येऊ नये. कप्तानाबाबत आपण योग्य तो निर्णय घ्यावा. मात्र तो एकटा असताना घ्यावा, ही विनंती.