अनूचा सहाचा पाढा

"मॅडम, तुम्ही पहिले तमाशात नाचत होत्या काय?"

भरलेल्या पालकसभेत मयुरीने ताठ उभं राहून विचारलं आणि खिडकीबाहेर तिच्या नववीतल्या मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. विचारून दाखव, मग कचोरी आमच्याकडून, अशी पैज होती. आणि वक्तृत्वात तालुक्याची ढाल आणल्यापासून मयुरी कुणाच्या बापाला घाबरत नव्हती!

छाया मॅडम दुसरीला शिकवायच्या. फरशीवर चौकोन आखून पोरांकडून नाचत नाचत पाढे म्हणवून घ्यायच्या. सहाला उडी, बाराला गिरकी, अठराला टाळी. मयुरीची धाकटी बहीण अनू त्याच वर्गात होती. ती बोलताना अडखळायची, पहिल्याच अक्षराला अडकून बसायची. पण पाय उचलला की तिचा शब्द मोकळा सुटायचा. सहाचा पाढा तर ती न थांबता म्हणायची.

"नाही गं, डी.एड.ला शिकवलं आम्हाला हे," मॅडम म्हणाल्या. ऐकतो कोण? सगळी सभा हसत होती. सगळ्यात मोठ्याने हसत होते शाळा समितीचे अध्यक्ष गजेंद्रराव, म्हणजे मयुरीचे बाबा.

"माह्या पोरीनं बराबर इचारलं! शाळा हाय का तमाशाची कनात? उद्यापासून नाचणं बंद. पोरं बसून शिकतीन."

कचोरी झकास होती.

दुसऱ्या दिवसापासून दुसरीचा वर्ग हाताची घडी घालून बसायला लागला. आठवड्याभरात अनू पार मुकी झाली. घरी पाणी मागायचं तरी बोटाने दाखवायची. मग मात्र मयुरीचं धाबं दणाणलं. तिने मॅडमना गाठलं.

"मॅडम, अनूले तेवढं नाचू द्या न."

मॅडमनी वहीतून मानही वर केली नाही. "तुझ्या बाबांना विचार."

बाबांना विचारलं, तर ते खेकसले, "अध्यक्षाचीच पोरगी नाचली, तर लोक थुकतीन माह्या तोंडावर!"

रविवारी खामगावहून शेखरकाका आले. चहा झाला आणि बाबांना हुक्की आली.

"अनू, काकाले सहाचा पाढा म्हणून दाखव."

अनू भिंतीला टेकून उभी राहिली. "स… स… स…"

"गाडी स्टार्टच नाही होऊन राह्यली बे!" काकांनी मांडीवर थाप मारली.

अनूची टाच हळूच उचलली गेली. बाबांनी ते बरोबर हेरलं.

"पाय हालवू नको! काय सांगतलं होतं? वंदना, धर तिचे पाय."

आई खाली बसली आणि तिने अनूचे दोन्ही घोटे घट्ट धरले.

"म्हण आता."

"स… स…" अनूची मान ताणली, ओठ पांढरे पडले. मग फ्रॉकखालून एक धार आईच्या मनगटांवरून फरशीवर आली.

"घ्या! पाढा तं नाही, हे आलं," बाबा म्हणाले. काकांना हसताना ठसका लागला.

मयुरी उठली. तिने आईची बोटं एकेक करून सोडवली.

"मयुरे, पाव्हणे हायेत वो," आई पुटपुटली.

मयुरीने ओल्या अनूला कडेवर घेतलं. आवाज ढाल जिंकणाराच होता.

"आई, तूही आयक. बाबा, उद्यापासून मी शाळेतून आली का अनूले घेऊन अंगणात नाचणार हावो. रोज. फाटक उघडं ठेवून, रोडवरून सगळ्याइले दिसन असं. कोणी इचारलं ना, ह्या पोरी कोणाच्या, तं तुमचं पूर्ण नाव सांगीन."