आनंदीच्या तोंडाची गवर

भात शिळा होतो, मासळी शिळी होते. राग कुठला शिळा व्हायला! गेल्या वर्षी गवरीपूजनाला संचिताचा अंगठा आनंदीच्या कपाळासमोरून पुढे सरकला होता. त्याला वर्ष होत आलं, पण आनंदीच्या पोटात तो राग अजून कालच्यासारखा होता.

मसुऱ्यात सहदेवची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना. वडील गेल्यापासून मूर्ती रंगवतो तो, आणि माती मळण्यापासून साच्यात दाबण्यापर्यंत मरमर मरते त्याची धाकटी बहीण, आनंदी. आनंदीचा नवरा चंदन चार वर्षांपूर्वी म्हापशाला कामाला म्हणून गेला आणि तिथेच एकीबरोबर राहिला. माणूस जिवंत आहे, चांगला धडधाकट आहे. हिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. तरी त्या दिवशी वहिनी संचिता ओळीने सवाष्णींना कुंकू लावत आली, आनंदीनं कपाळ पुढे केलं, आणि अंगठा टेकला तो शेजारच्या हौसाबाईच्या कपाळाला. हिचं कपाळ तसंच हवेत राहिलं.

"तुजा काय गो, तू घरचीच," संचिता म्हणाली. बायका गालात हसल्या. आणि सहदेव? सख्खा भाऊ? तो ट्यूबलाइटकडे बघत बसला, जसा काही जन्मात बघितला नव्हता.

पळून गेला तो चंदन आणि शिक्षा हिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच!

यंदा माळ्यावरून काढताना गवरीचा जुना मुखवटा सहदेवच्या हातून निसटला आणि त्याचे चार तुकडे झाले. त्याचा साचा तर वडिलांच्या हयातीतच फुटला होता.

"आनंदी, तूच कर गो एक नवो," संचिता म्हणाली. "पण तोंड बरां कर. शांत."

"करतंय," आनंदी म्हणाली. कपाळाला कुंकू लावायला ही चालत नाही, पण देवीचं तोंड घडवायला चालते!

तिनं दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानातून मोडल्या हाडाला बांधतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या. "कोणाचो हात मोडलो?" दुकानदारानं विचारलं.

"मोडूचो आसा," ती म्हणाली.

सहदेव आणि संचिता कुडाळच्या बाजाराला गेल्यावर तिनं शाळेचं दार लावलं. आरसा खिडकीत टेकवला. केस फडक्यात बांधले, तोंडभर खोबरेल चोपडलं, भुवया आणि पापण्यांवर व्हॅसलीन थापलं, नाहीतर साच्याबरोबर तेही निघून आलं असतं. मग पट्टीचे तुकडे कोमट पाण्यात बुडवून एकेक चेहऱ्यावर बसवत गेली. कपाळ, गाल, हनुवटी. शेवटी मिटलेले डोळे. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या.

आता वीस मिनिटं हलायचं नाही. प्लास्टर घट्ट होताना गरम होत गेलं. अंधारात, तोंड बंद, आणि समोर दुसरं काही नाही म्हटल्यावर तिला दिसायला लागला तो अंगठा. कपाळासमोरून जाणारा. पुन्हा येणारा, पुन्हा जाणारा. आवशीक खाव त्या अंगठ्याच्या! तिचे दात आवळले गेले, भुवया एकमेकींकडे ओढल्या गेल्या, आणि साचा तसाच घट्ट झाला.

साचा सोडवून त्यात शाडू दाबला. निघालेलं तोंड बघून तीच दचकली. जबडा आवळलेला, कपाळाला आठी. डाव्या भुवईतली खाचसुद्धा आली होती. लहानपणी फणसावरून पडली तेव्हाची ती खाच. शांत म्हणे! पुन्हा करावं, असं घटकाभर मनात आलं. मग म्हणाली, राहू दे. हाच माझा चेहरा आहे, आणि तो असा कुणी केला?

डोळे मात्र मिटलेले होते. ते तिनं कोरणीनं उघडले.

वाळताना माती जरा आकसली, तोंड थोडं लहान झालं. मुखवटा रंगवायला सहदेवकडे गेला. भुवईपाशी त्याचा कुंचला थांबला. फणसाखालून रक्तबंबाळ बहिणीला पाठीवर घेऊन घरी आणलं होतं त्यानंच. त्यानं एकदा आनंदीकडे बघितलं. मग खाच न बुजवता भुवई रंगवली. गप्प राहण्यात सहदेवचा हात कोण धरणार!

पूजनाच्या दिवशी रानफुलांनी-फळांनी सजवलेल्या माटवीखाली गणपतीशेजारी गवर बसली. शालू, नथ, डोक्यावर गजरा. घर बायकांनी भरलं. "यंदाची गवर कडक दिसता हां," हौसाबाई म्हणाली. संचितानं हळद लावली, कपाळभर कुंकू लावलं आणि पायांशी डोकं टेकून म्हणाली, "आवशी, माझा कुंकू सांभाळ."

आनंदी दाराशी उभी राहून ऐकत होती.

मग करंडा घेऊन संचिता ओळीनं निघाली. एक कपाळ, दुसरं, तिसरं. आनंदीपाशी आली आणि अंगठा पुढे सरकला. तस्साच. बाईला वर्षभरात काडीची लाज शिवली नव्हती.

"वैनी," आनंदी म्हणाली, घरभर ऐकू जाईल अशी, "सोडलंस ता बरा केलंस. माका तू मगाशीच लावलंस. सगळ्यांच्या आदी. वर पाया पण पडलंस."

"खंय लावलंय मी तुका?"

आनंदीनं गवरीकडे बोट केलं. बायका वळल्या. हौसाबाई उठून जवळ गेली, नथीवरून नजर वर नेली, डाव्या भुवईपाशी थांबली. एकदा गवरीकडे बघितलं, एकदा आनंदीकडे.

"अगो बाय माझ्या! ही तर आनंदी!"

पदर मुठीत धरून संचिता तरातरा माटवीपर्यंत गेली.

"पूस," आनंदी पाठीमागून म्हणाली. "बसवलेल्या गवरीचा कुंकू पूस. सगळ्यांच्या समोर. बघूया तुझी छाती."

गवर आवळल्या जबड्यानं समोर बघत होती, आणि संचिताचा हात तसाच हवेत राहिला.