इंजिन थोरल्याचं, बॉडी धाकट्याची

मी एक मोटार बोलतेय. एक म्हणजे सध्यापुरती एक. परवापर्यंत मी दोन घरांत राहत होते. इंजिन आणि गिअरबॉक्स थोरल्याच्या शेडमध्ये, आणि बाकीची मी धाकट्याच्या गॅरेजमध्ये. तुम्हाला वाटेल, म्हातारीला भ्रम झालाय. तसं नाही हो. माझी रीतसर वाटणी झाली होती.

माझा जन्म महायुद्धाच्या आधीचा. त्या काळी मोटार चार दरवाजांची असली की तिच्याकडे लोक वळून वळून बघत. माझे दिवे भोपळ्याएवढे, फूटबोर्डवर दोन माणसं ऐसपैस बसतील, आणि दार लावलं की असा भारदस्त आवाज येई की आतला माणूस आपोआप ताठ बसे. माझा पहिला मालक लाकडाचा व्यापारी. त्याला गाडी चालवता येत नव्हती, पण मागे बसून खिडकीतून लोकांना दिसायला छान येत होतं. त्याचा धंदा बसला आणि मी एका तरुण वकिलाच्या दारात आले.

वकील माणूस हुशार. भावाभावांच्या वाटण्या करून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लोकांना सांगायचा, "मृत्युपत्र आजच करा, उद्याचा भरवसा नाही." आणि स्वतःचं मृत्युपत्र? "बघू उद्या!" असा बघत बघत एक दिवस गेला बिचारा.

पण तोवर आमचे दिवस मजेत गेले. सुट्टीच्या दिवशी तो मला बाहेर काढायचा. शेजारी त्याची बायको, मागे दोन पोरं. थोरल्याला डावी खिडकी हवी, म्हणून धाकट्यालाही डावीच हवी. आईने मध्ये पिशवी ठेवून हद्द आखून दिली, तर दोघं पिशवी कोणाच्या बाजूला जास्त आलीय यावर भांडले. मी मनात म्हटलं, मोठी झाली की सुधारतील. माझा अंदाज किती थोर, ते पुढे कळेलच.

वकील गेल्यावर वाटणीची बैठक बसली. मध्यस्थ म्हणून मामा आले. घर विकलं, भांडी वाटली, आईचीही सोय लागली: सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. आई समोरच बसली होती. तिला कोणी विचारलं नाही, पण चहा मात्र तिलाच करायला सांगितला.

शेवटी उरले मी. थोरला म्हणाला, "गाडी माझी. बाबांबरोबर हिच्याखाली तासन्‌तास मीच झोपायचो." धाकटा म्हणाला, "झोपायचासच. पुसायचो मी." विकायला दोघं तयार नाहीत, दुसऱ्याला द्यायला तर त्याहून नाहीत. संध्याकाळ झाली तरी घोडं तिथंच अडलेलं. अखेर मामांचं डोकं फिरलं. "मग कापा तिला अर्धी अर्धी आणि घ्या एकेक तुकडा!"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. मामा "अरे, मी रागाने म्हटलं" असं ओरडत राहिले. दुसऱ्या दिवशी मेस्त्री साखळी-कप्पी घेऊन हजर झाला आणि माझं इंजिन उचललं गेलं.

मग सुरू झाला माझा जीर्णोद्धार. दोन ठिकाणी, एकमेकांना न सांगता. बोलणंच तुटलं होतं; काही निरोप असला तर तो आईने न्यायचा.

थोरल्याचं पाण्याच्या पंपांचं दुकान. त्याने माझं इंजिन खोलून पार नवं केलं. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, कार्बोरेटर असा लखलखीत केला की आरशाची गरज नाही. एका लोखंडी घोडीवर मला चढवलं आणि पाहुणे आले की हँडल मारून चालू करून दाखवायचा. "ऐका, ऐका! नुसतं घड्याळ!" पाहुणे कानावर हात ठेवून माना डोलवायचे. इंजिन आहे, धूर आहे, आवाज आहे, फक्त कुठे जायचं नाही.

धाकटा दातांचा डॉक्टर. माझ्या पुढच्या जाळीतली घाण त्याने दात कोरायच्या हत्याराने काढली. क्रोम चढवलं, सीटना नवं चामडं शिवलं, रंगाचे इतके हात मारले की दारं घट्ट होऊन बसली. मग फर्मानं निघाली. चपला बाहेर. हात लावायचा नाही. त्याच्या बायकोला एकदा माझ्या काचेत केस नीट करताना पकडलं, तर दोन दिवस अबोला. एवढी माया त्याने रुग्णांवर केली असती तर गावात एक दात किडका राहिला नसता.

वर्षातून एकदा जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरायचं. धाकटा मला ट्रकवर चढवून न्यायचा आणि दोरीच्या आत उभी करायचा. मोठ्या दिमाखात उभी राहायचे मी, आतून रिकामी. एका वर्षी परीक्षक जरा जास्तच चौकस निघाले. त्यांनी बॉनेट उघडलं. आत धाकट्याचा जेवणाचा डबा.

"इंजिन कुठाय?"

"भावाकडे."

"दुरुस्तीला दिलंय का?"

"नाही. वाटणीत गेलं."

परीक्षकांनी बॉनेट हळूच बंद केलं. म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून स्वतःच्या चाकांवर चालत येईल तीच गाडी स्पर्धेत." सगळं मैदान हसलं. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण त्यालाही इंजिन लागतं.

आता आईचं सांगते. धाकट्याकडचे सहा महिने असले की ती दुपारी गॅरेजमध्ये येऊन माझ्या फूटबोर्डवर बसायची. सीटवर बसायची सोय नव्हती. एकदा बसली तर धाकटा धावत आला, "आई, अगं चामड्याला घडी पडते!" ती निमूट उठली. चामड्याची घडी त्याला दिसली. आईच्या चेहऱ्यावरची नाही दिसली.

तो गेल्यावर ती माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, "तुझं बरंय बाई. तू तुकड्यांत का होईना, दोघांकडे एकाच वेळी असतेस. मला तेही जमत नाही." मग जरा वेळाने म्हणाली, "मला दुसरं काही नको. दोघं एकदा माझ्यासमोर बसावेत, मध्ये कोणी निरोप्या नसावा. एवढं बघून डोळे मिटले तरी चालेल."

मला रडता येत नाही. आलं असतं तर धाकट्याने लगेच फडकं आणलं असतं.

पुढे काय झालं म्हणता? बक्षिसाचा मोह! धाकट्याला इंजिन हवं, थोरल्याला इंजिन जगाला दाखवायचं. निरोप अर्थातच आईने पोचवले. तह ठरला: एका दिवसापुरतं मला जोडायचं. चालवणार थोरला, शेजारी बसून पुसणार धाकटा, आणि बक्षीस मिळो न मिळो, तिथून थेट मेस्त्रीकडे जाऊन इंजिन पुन्हा बाहेर. मेस्त्री म्हणाला, "बोल्ट सैलच ठेवतो, काढायला बरे."

तो दिवस आजचा. नेमका आजच आईचा मुक्कामही बदलायचा होता. ती आपली बॅग घेऊन आली आणि कोणाला काही कळायच्या आत मागच्या सीटवर बसली. धाकट्याने तोंड उघडलं, तशी म्हणाली, "पडू दे घडी."

सकाळी मी मैदानात स्वतःच्या पायांनी गेले. काय सांगू! इतक्या वर्षांनी पोटात इंजिन धडधडलं आणि चाकांना ते समजलं. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं का नाही, यावर दोघं परतीच्या वाटेवर भांडू लागले. "तुझं इंजिन धूर टाकत होतं." "तुझ्या दाराने परीक्षकाचं बोट चेमटलं." मागे आई बॅग मांडीवर धरून बसलेली. पुढच्या वळणापलीकडे मेस्त्रीची शेड. अजून थोडंसं अंतर, की मी पुन्हा दोन ठिकाणी आणि आईची बॅग धाकट्याकडे.

आणि मी थांबले.

भर दुपारी, भर रस्त्यात, आचका न देता. थोरल्याने बॉनेट उघडलं, धाकट्याने वायरी हलवल्या. "तुझा कार्बोरेटर!" "तुझी वायरिंग!" असं बराच वेळ चाललं. थोरला म्हणाला, "मेस्त्रीला फोन करतो."

"त्याला कशाला?" आई म्हणाली. "दोघं धडधाकट आहात. ढकला."

"अगं, पण स्टिअरिंग कोण धरणार?"

आई दार उघडून उतरली, पुढे आली आणि माझ्या स्टिअरिंगमागे बसली. वकिलाने तिला तिथं कधी बसू दिलं नव्हतं. पोरांचा तर प्रश्नच नाही. तिने पदर खोचला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

आता मागे दोघं ढकलतायत. दोघांची पोटं सुटलेली, दोघं घामाघूम. थोरला विचारतोय, "दम लागला?" धाकटा म्हणतोय, "छे! तुला?" "छे!" मग थोरला म्हणाला, "बीपीची गोळी घेतलीस का सकाळची?"

"तुला कोणी सांगितलं बीपीचं?"

"आईने. घेतलीस का ते सांग."

"घेतली रे दादा."

मंडळी, आता तुम्हाला म्हणून सांगते. टाकीत पेट्रोल आहे. ठिणगी आहे. माझ्यात काडीचाही बिघाड नाही. ही थाप मी मारलीय. आणि ती फक्त एकीला कळलीय. कारण मघाशीच आई स्टिअरिंगवर वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "लगेच चालू होऊ नकोस हं."

तेव्हा तुमच्या पाया पडते, एवढं करा. रस्त्यात आम्ही दिसलो, दोन घामेजलेले भाऊ आणि स्टिअरिंगमागे बसलेली त्यांची आई, तर मदतीला थांबू नका. हॉर्नही देऊ नका. बाजूने गाडी काढा आणि गुमान पुढे निघून जा.