बाकावर पसरलेली गोणी

मित्रांनो, पाय पुसण्याआधी जरा थांबा. ज्या गोणीवर तुम्ही चिखल घासताय ती मी. घायपाताच्या दोऱ्याची, जुनी, पण अजून न फाटलेली.

साखरेनं भरले की मी बंदरावर हमाल लक्ष्मणच्या पाठीवर चढायचे. ती पाठ किती तापायची ते मला विचारा! मालकांचे बंगले त्याच पाठीवर उभे राहिले. मग साखर गोणीशिवाय, सुटीच जहाजात ओतायला लागले. मी नको झाले, तोही नको झाला. जाताना त्यानं मला लाँग माउंटन गावात, घरी नेलं. त्याच्या बायकोनं, हिरानं, मला उसवून चटई केली.

एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर गावच्या बैठकेत, म्हणजे सभेच्या खोलीत, डॉक्टर चंद्रमोहन आला. शांत बसायचं, श्वासाकडे लक्ष ठेवायचं. त्यानं दुखणं हलकं होतं का, हे त्याला तपासायचं होतं. त्याला बायका आणि पुरुष सारख्याच संख्येनं हवे होते. हिरा मला काखेत मारून गेली. बघते तर सगळ्या बायकाच.

"इथल्या पुरुषांना दुखत नाही वाटतं," डॉक्टर म्हणाला.

"आयो, दोक्तेर! घरी येऊन कण्हणं ऐका!" हिरा म्हणाली.

लक्ष्मण रोज दारापर्यंत यायचा, पाठ धरून उभा राहायचा आणि परत जायचा. बैठकेत बायका चटईवर बसतात, पुरुष बाकावर, आजोबांपासून हेच. डॉक्टरनं तर बाक भिंतीला सारून नुसत्या चटया पसरलेल्या. चटईवर बसला तर दुकानापुढे जमणाऱ्या पुरुषांत हसं होईल ना! पाठ मोडली तरी चालेल. थू असल्या मर्दानगीवर!

शेवटचा आठवडा आला. डॉक्टर म्हणाला, "हे बायकांचंच औषध, असं लिहितो." म्हणजे पुढे लक्ष्मणला कुणी विचारणारही नव्हतं.

हिरा ताडकन उठली. बाक ओढला, त्यावर मला पसरलं आणि दाराकडे ओरडली, "अहो, या आत! बाकच आहे. वर तुमची बंदरावरची मैत्रीण आहे!"

बायका खिदळल्या. डॉक्टर कुरकुरला, "पण बसायचं चटईवर..."

"दुखतंय कुणाला, पाठीला की चटईला?"

लक्ष्मण अवघडत बसला. डोळे मिटले. पूर्वी तो माझ्याखाली धापा टाकायचा. त्या दिवशी त्याचा सावकाश श्वास मी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी आणखी बाक ओढावे लागले.

आता हिरा नाही, लक्ष्मणही नाही. मला वाटलं तर धुवा, नाहीतर राहू दे. पण कुणी माणसं मोजून म्हणालं, "ते आलेच नाहीत," तर आधी दाराबाहेर बघून या. तिथं कुणीतरी पाठ धरून उभं असतं.