वाकडी ओंबी

मी मारेनच्या लोण्याचा ठसा बोलतोय. लोण्याच्या गोळ्यावर दाबून नक्षी उमटवायचा. तळहाताएवढा आहे, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा. माझ्या पोटात बार्लीच्या तीन ओंब्या कोरल्यात, तिसरी वाकडी. मला कोरताना येप्पेचा चाकू घसरला होता. मारेनला मागणी घालायला निघताना दुसरा ठसा कोरायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं मलाच नेलं. ती हसली आणि हो म्हणाली.

पुढं ती वाकडी ओंबीच तिची ओळख झाली. आमच्या डेन्मार्कच्या खेड्यात लग्नघरी शेजाऱ्यांनी लोणी, अंडी पाठवायची रीत. मांडलेल्या गोळ्यांवरचे ठसे बायका आधी बघायच्या, नवरी मग.

"वाकडी ओंबी आली गं! आधी ते कापा," शेजारची सिसेल म्हातारी ओरडायची. मग मारेनच्या कानाशी लागायची, "मीठ कधी घालतेस, सांग की."

"ताकाला येऊन भांडं लपवत नाहीस, हे बरं आहे तुझं," मारेन म्हणायची. सांगायची मात्र नाही.

मग गावानं मिळून डेअरी काढली. वाफेवरचं यंत्र बघता बघता दुधातून साय वेगळी करायचं. मत माणशी एक, गाई दोन असोत की चाळीस. पण माणूस म्हणजे नवरा. घरचं दूध डेअरीला द्यायला येप्पेनं हात वर केला आणि मारेनचं घुसळण थांबलं.

खोटं कशाला बोलू? त्या यंत्रानं गावाचं भलंच केलं. आमचं लोणी जहाजानं इंग्लंडच्या न्याहारीला जाऊ लागलं. दोन गाईंवाल्यांच्या पोरांच्या पायांत बूट आले. मारेनचे खांदे दुखायचे थांबले. फक्त सगळ्यांचं लोणी एक झालं, आणि मारेन नुसती येप्पेची बायको उरली. मला फार वाईट वाटायचं तिच्यासाठी.

सिसेलच्या नातीचं लग्न निघालं तेव्हा मारेनला राहवलं नाही. तिनं डेअरीतलं लोणी आणलं, त्यावर मला दाबलं आणि गोळा लग्नघरी नेला.

सिसेलनं घास घेतला, डोळे मिटले. "बघा! हाताची चव ती हाताची. डेअरीवाल्यांना जन्मात जमायचं नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मारेन खाली बघत राहिली.

घरी आल्यावर ती येप्पेला म्हणाली, "कुणालाच कळलं नाही रे. मग इतकी वर्षं चाखत काय होते?"

तिनं मला गरम पाण्यानं धुतलं, पुसलं आणि वरच्या फळीवर ठेवलं.

तिथं मी वीस-बावीस वर्षं होतो. येप्पे गेला. गेल्या हिवाळ्यात मारेननं अंथरूण धरलं, अन्न जाईना. तेव्हा तिच्या लेकीनं, किर्स्टिनानं, मला खाली काढलं आणि डेअरीच्या लोण्यावर दाबलं.

"आई, बघ, तुझं लोणी. खा गं एक घास."

मारेननं ती वाकडी ओंबी बराच वेळ पाहिली. मग सुरी मागितली. तिनं लोण्यावरचा ठसा पुसला, लोणी सपाट केलं.

"आता दे," ती म्हणाली.

त्यानंतर मला कुणी वापरलं नाही. मारेनही आता नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी स्वतःच्या हातानं काही करून तुमच्यापुढं ठेवलं, तर ठसा बघून वाहवा करू नका. नीट चाखा. मारेनला तेवढंच हवं होतं.