अकराव्या नियमाची पुरवणी

अच्युत दामले कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचा. रेघ सरळच हवी, हा त्याचा स्वभावच होऊन गेला होता. जबलपूरच्या थंडीत कारखान्यातल्या विभागांचे क्रिकेट सामने व्हायचे आणि दरवर्षी अर्धेच राहायचे. दोनचा भोंगा झाला की दुसऱ्या पाळीवाले बॅट टाकून पळत. म्हणून एकाहत्तर साली अच्युतनं कपाचे नियम लिहिले. दोन्हीकडून तीस-तीस षटकं, एका गोलंदाजाला सहाच, निकाल त्याच दिवशी. अकरावा नियम त्यानं खास घातला: डाव चालू असताना मैदान सोडून गेलेला फलंदाज बाद. आदल्या वर्षी एक महाशय वीसवर नाबाद असताना बडा फुहाऱ्याच्या बाजारात मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला गेले होते, आणि दोन तासांनी येऊन पुन्हा खेळायला उभे राहिले होते!

त्याच साली नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी अंतिम सामना होता. लढाई दाराशी आलेली, त्यामुळे लष्करी सामान बनवणारा हा कारखाना रविवारीही धडधडत होता. अच्युतच्या ड्रॉइंगवाल्यांनी एकशे अठरा केल्या. समोर फोर्जवाले, म्हणजे यंत्राच्या हातोड्याखाली तापलं लोखंड ठोकणारी माणसं. त्यांचा कप्तान बळीराम एकटाच सामना ओढून नेत होता. सहा बाद एकशे एक झाल्या, दहा षटकं बाकी होती, आणि एक माणूस सायकल दामटत थेट मैदानात शिरला.

"बळीरामभाऊ, मोठा हातोडा अडला! चलो, साहेब बोलावून राहिले."

बळीरामनं बॅट जोडीदाराच्या हाती दिली आणि पॅडसकट सायकलच्या मागे बसून निघून गेला.

त्याच्यामागे फोर्जचे गडी रडतखडत खेळले. एकशे चौदावर शेवटचा गडी बाद झाला तेव्हा आठ चेंडू उरले होते आणि जिंकायला पाच धावा हव्या होत्या. नेमका त्याच वेळी बळीराम परतला. कोपरापर्यंत काळा, कपाळावर घाम.

"आमचा एक गडी अजून बाकी आहे," फोर्जवाले ओरडले.

"नियम अकरा!" ड्रॉइंगचा कप्तान शैलेंद्र ओरडला.

नियम त्याचेच, म्हणून पंच सीमेबाहेर बसलेल्या अच्युतकडे आले. शेजारी त्याची बायको सुहासिनी धावा मांडत होती. तिची पेन्सिल थांबली. बळीरामनं खेळावं असंच जवळपास सगळ्या मैदानाला वाटतंय, हे अच्युतला दिसत होतं. त्यालाही तेच हवं होतं.

"बाद," तो म्हणाला. "डाव संपला."

कप ड्रॉइंगला मिळाला. टाळ्या पडल्या, पण थंड पडल्या.

दीक्षितपुऱ्यातल्या घरी जेवताना अच्युत नुसतं वरण कालवत बसला.

"चुकलो का गं मी?"

"निकाल नाही चुकला," सुहासिनी म्हणाली. "नियम अपुरा आहे. कापड घ्यायला जाणारा आन् हातोडा सोडवायला जाणारा, दोघांनाही तुम्ही एकाच रेघेत बसवलं."

सोमवारी मधल्या सुट्टीत तो फोर्जमध्ये गेला. हातोडा असा आदळत होता की पायाखालची जमीन हलत होती. बळीराम डबा उघडून बसला होता.

"बळीराम, काल मला..."

"बसा न, बाबू." बळीरामनं अर्धी भाकरी पुढे केली. "निघतानाच ठाऊक होतं मले, मी बाद झालो म्हणून. नियम वाचला होता मी."

"तरी गेलास?"

"मंग? हातोडा बंद म्हणजे अख्खी पाळी बसून. परत आलो ते सामना पाहाले आलो होतो. पोरं उगाच ओरडली." तो हसला. "तुम्ही हो म्हटलं असतं न, तं पुढच्या साली तुमचा नियम कोणी मानला नसता. आमची पोरं पहिली."

अच्युतनं भाकरी घेतली. त्याला एकदम कडकडून भूक लागली. खाता खाता त्यानं खिशातून नियमांचा कागद काढला. कामावर बोलावलेला फलंदाज परत आला तर शेवटी खेळेल, असं त्यानं लिहिलं. बळीरामनं वाचून मान हलवली.

"फोरमनची चिठ्ठी पाहिजे म्हणून लिहा. नाहीतर सगळेच बोलावणं आलं म्हणतील."

"बरोबर," म्हणत अच्युतनं तेही लिहिलं, आणि बळीरामनं डब्यातली लोणच्याची फोड त्याच्या भाकरीवर ठेवली.